कोरियातली टांगचित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण कोरियातल्या आंदोलनांचे १९८०च्या दशकातले फोटो पाहिले की गर्दीच्या मागे इमारतीएवढं एखादं चित्र लटकलेलं दिसतं. त्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कोरियन नावं आपल्या लिपीत जमतील तशी लिहिली आहेत. आडनाव आधी, नाव नंतर, ही त्यांची पद्धत तशीच ठेवली आहे.

या चित्रांना कोरियन लोक काय म्हणतात?

‘गॉलगे-गुरिम’. ‘गॉल्दा’ म्हणजे टांगणं, अडकवणं आणि ‘गुरिम’ म्हणजे चित्र. मराठीत सरळ ‘टांगचित्र’ म्हणू. मोठ्या कापडावर रंगवायचं, सभेच्या किंवा अंत्ययात्रेच्या जागी उंचावर टांगायचं, काम झालं की गुंडाळून पुढच्या गावी न्यायचं, अशी ही चित्रं. शब्द साधा, घरगुती आहे आणि तो मुद्दाम तसा निवडलेला आहे. चित्रकलेच्या वर्गात चालणारी जड चिनी-जपानी वळणाची परिभाषा या मंडळींना नकोच होती.

मग हा मोर्चातला कापडी फलकच झाला की!

नाही. घोषणा लिहिलेल्या फलकाला कोरियात ‘ह्यॉनसुमाक’ म्हणतात. तो आजही तिथे चौकाचौकांत दिसतो, आपल्याकडच्या फ्लेक्ससारखा. निवडणुकीपासून क्लासच्या जाहिरातीपर्यंत सगळ्याला चालतो. टांगचित्रात मजकूर असला तरी एखाद्या ओळीचा. बाकी सगळी माणसं : शेतकरी, गिरणीतल्या मुली, सैनिक, मेलेले आणि मेलेल्यांना उचलून धरणारे.

आणखी एक फरक आहे, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फलक समोरच्याला, म्हणजे सरकारला किंवा मालकाला, वाचायला असतो. टांगचित्र जमलेल्या माणसांसाठी असतं. त्याच्यासमोर ढोल वाजतात, मुखवटे घालून नाच होतो, भाषणं होतात, रडारड होते. देवळाच्या गाभाऱ्यात मूर्तीची जी जागा, ती सभेत या चित्राची. हे नुसतं उपमेपुरतं म्हणत नाही. पुढचं उत्तर वाचा.

ही कल्पना आली कुठून? मेक्सिकोच्या भित्तिचित्रांवरून का?

मेक्सिकोची भित्तिचित्रं, जर्मनीच्या केथे कोलविट्झची छापचित्रं, चीनमधली १९३०च्या दशकातली लाकूडठशांची चळवळ हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. पण टांगचित्राचा खरा आजा बौद्ध विहारात सापडतो. त्याचं नाव ‘ग्वेबुल’.

जपानने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर स्वाऱ्या केल्या. गावंच्या गावं उजाड झाली, प्रेतांना अग्नी द्यायलाही कुणी उरलं नाही. अशा बेवारस मृतांसाठी पुढच्या शतकात विहारांमधून मोठमोठे विधी होऊ लागले. माणसं इतकी जमायची की मंदिरात मावायची नाहीत. मग विधी अंगणात आणि बुद्धही अंगणात. त्यासाठी रंगवलेला, कित्येकदा १० मीटरहून उंच असलेला पट म्हणजे ग्वेबुल. एरवी तो लांबलचक लाकडी पेटीत गुंडाळून मुख्य मंदिरात ठेवलेला असतो. जुन्या कोरियन विहारांच्या प्रांगणात भोकं पाडलेल्या दगडी खांबांच्या जोड्या दिसतात. ते ग्वेबुलची काठी उभी करायचे खांब.

दुसरा पूर्वज ‘गामनो-थेंग’ नावाचा पट. त्याचे वाचायचे तीन थर असतात. वर ओळीने उभे बुद्ध. मध्ये नैवेद्याने भरलेली वेदी आणि तिच्यासमोर सुईसारखा गळा असलेला भुकेला प्रेतात्मा. सगळ्यात खाली आपलं जग : कुणाला वाघ खातोय, कुणी लढाईत पडलाय, कुणी झाडावरून कोसळलाय, शेजारीच डोंबारी खेळ करतायत. अकाली मेलेल्यांची यादीच म्हणा ना, फक्त चित्रांत. सोलच्या हुंगछॉनसा विहारात १९३९ साली असा एक पट रंगवला गेला, त्याच्या खालच्या थरात तर त्या काळचं आधुनिक शहर आणि युद्ध अवतरलं आहे. म्हणजे चालू काळातलं मरण या पटात बसवायची सोय परंपरेतच होती.

१९८०च्या दशकातल्या तरुण चित्रकारांनी नेमकी हीच सोय उचलली. त्यांच्या एका सुरुवातीच्या कामाचं नाव मराठीत करायचं तर ‘पिडलेल्या कोरियन जनतेची शल्यं सोडवणारा पट’ असं होईल. त्यातला ‘हेवॉन’ हा शब्द थेट विधीतला आहे. मृताच्या मनात अडकून राहिलेलं शल्य मोकळं करणं, असा त्याचा अर्थ. निषेध आणि श्राद्ध अशा दोन गोष्टी एकाच कापडावर. माझ्या मते टांगचित्र कळायला ही एक गोष्ट कळली तरी पुष्कळ झालं.

पण १९८०च का?

राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांची ऑक्टोबर १९७९मध्ये त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने हत्या केली. डिसेंबरात जनरल चुन दू-ह्वान यांनी लष्करी बंड करून सत्तेकडे वाट काढली. मे १९८०मध्ये दक्षिणेकडच्या ग्वांगजू शहरात लोक रस्त्यावर आले, लष्कराने गोळ्या घातल्या, लोकांनी शहर काही दिवस स्वतःच्या ताब्यात ठेवलं आणि २७ मेच्या पहाटे लष्कराने ते परत घेतलं. त्यानंतर वर्षानुवर्षं याविषयी वर्तमानपत्रात खरं छापणं अशक्य होतं. मेलेल्यांचा उघड शोकसुद्धा करायची चोरी.

होंग सॉंग-दाम हा चित्रकार त्या उठावात ग्वांगजूतच होता. छापायची बंदी असली की माणूस काय करतो? लाकडाचा ठसा कोरतो. त्याने मेच्या त्या दिवसांची ठसाचित्रं पुढची कित्येक वर्षं कोरली. १९८३मध्ये ग्वांगजूत ‘नागरिक कला शाळा’ सुरू झाली. तिथे गृहिणी, कामगार, विद्यार्थी असे सगळे येऊन ठसे कोरायला शिकत. ठसा हातात मावतो, खिशातून जातो, हवा तेवढा छापता येतो. टांगचित्राचं वळण, म्हणजे जाड काळी रेघ आणि सपाट रंग, पुष्कळ अंशी या ठशांतून आलं.

सोलमध्येही तेव्हा हवा कशी होती ते सांगतो. ‘ह्यॉनशिल-ग्वा बारॉन’ (वास्तव आणि उच्चार) या गटाचं पहिलं प्रदर्शन १९८०मध्ये एका सरकारी दालनात भरायचं होतं. दालनवाल्यांनी ऐन वेळी दिवे बंद केले. लोकांनी मेणबत्त्या लावून चित्रं पाहिली.

‘मिनजुंग’ कला आणि टांगचित्रं एकच का?

टांगचित्रं हा मिनजुंग कलेचा एक भाग. तेलरंग, ठसे, शिल्प, भित्तिचित्र, धान्याच्या पोत्यांवर रंगवलेली शेतकऱ्यांची व्यक्तिचित्रं (ही ली जोंग-गू यांची) असं बरंच काही त्यात येतं.

‘मिनजुंग’ला मराठी शब्द शोधताना अडायला होतं. ‘जनता’ म्हटलं की सरकारी वास येतो. ‘रयत’ जुना झाला. ‘कष्टकरी’ जवळ जातो, पण मिनजुंगमध्ये विद्यार्थी आणि गरीब दुकानदारही बसतात. ज्यांच्या जिवावर देश चालतो आणि ज्यांना देशात कुणी विचारत नाही ते सगळे, असा त्याचा भाव आहे. म्हणून शब्द तसाच ठेवलेला बरा.

ही चित्रं कोण काढायचं?

एकटा चित्रकार क्वचित. बहुतेक कामं गटाने केलेली. यातला ‘दुरॉंग’ हा गट मला फार आवडतो, एक तर नावासाठी. दुरॉंग म्हणजे भातखाचरांमधला बांध. किम बोंग-जुन आणि त्यांचे साथी मुखवटानाट्य, ढोल, लोकचित्रं यांच्यातून चित्रकलेकडे पाहायचे. कलादालनापेक्षा त्यांना ‘मादांग’, म्हणजे अंगण, जवळचं वाटायचं.

चित्रावर सही नसायची, असली तर गटाची. यामागे विचार होता, तशीच सावधगिरीही होती. सही म्हणजे पोलिसांसाठी पत्ताच!

प्रत्यक्षात रंगवायचे कसे?

कापड ‘ग्वांगमोक’. न धुतलेलं, पिवळसर, जाड सुती कापड. आपला मांजरपाटच. स्वस्त, मिळायला सोपं आणि गादीच्या खोळीसाठी घेतलं की प्रेतासाठी की चित्रासाठी, हे दुकानदाराला कळत नाही. पट्ट्या एकमेकींना शिवून हवी ती रुंदी करायची. मग विद्यापीठातल्या एखाद्या मोठ्या खोलीत ते जमिनीवर पसरायचं आणि चपला काढून वर चढायचं. चित्रकार चित्राच्या *आत* बसलेला असतो. त्याला समोरची दोन बोटं दिसतात, हात दिसत नाही. म्हणून रेघ आधी पक्की ठरलेली लागते.

अशा कामात छायाप्रकाशाच्या नाजूक कसरती वायाच जातात. शंभर पावलांवरून त्या दिसत नाहीत आणि वाऱ्याने कापड फुगलं की सगळ्याच सावल्या हलतात. काळी ठसठशीत बाह्यरेषा, आत सपाट रंग आणि महत्त्वाचा माणूस आकाराने मोठा. जवळचं मोठं, लांबचं लहान हा नियम इथे लागू नाही. रंग बरेचदा विहारांच्या तुळयांवर दिसतात तेच पारंपरिक पाच : निळा, पांढरा, तांबडा, काळा, पिवळा.

वेळ फारसा नसायचा. सभा उद्या, चित्र आज.

एकच टांगचित्र पाहायचं असेल तर कुठलं पाहू?

‘हान-यॉलला जिवंत करा!’ हे. याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

९ जून १९८७. सोलच्या योन्से विद्यापीठाच्या दारात विद्यार्थी जमले होते. दुसऱ्या दिवशी देशभर मोठं आंदोलन होतं. त्याच वर्षी जानेवारीत पार्क जोंग-छॉल हा विद्यार्थी पोलिसांच्या छळात मेला होता. ‘टेबलावर हात आपटला आणि तो गतप्राण झाला’ अशा अर्थाचा खुलासा पोलिसांनी केल्यामुळे लोक आधीच पेटलेले. दारात अश्रुधुराची नळकांडी सुटली. एक नळकांडं ली हान-यॉल या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या डोक्याला मागून लागलं. मित्राने त्याला काखेतून धरून उभं केलं, त्या क्षणाचा फोटो वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराने टिपला आणि तो जगभर गेला.

छ्वे ब्यॉंग-सू याने हा फोटो वर्तमानपत्रात पाहिला आणि लाकडावर कोरला. छाप विद्यार्थ्यांनी छातीवर लावले. मग तेच चित्र कापडावर मोठं केलं, सुमारे १० मीटर उंच, आणि विद्यार्थी भवनाच्या भिंतीवर सोडलं.

चित्रात दोनच माणसं. मागच्याने पुढच्याला छातीशी धरलंय. पुढच्याची मान एका बाजूला कललेली, हात सुटलेले, कपाळावरून तांबडं उतरतंय. फोटोत धूर आहे, रस्ता आहे, मागे धावपळ आहे. छ्वेने ते सगळं काढून टाकलं. उरलं ते एकाने दुसऱ्याला धरून ठेवणं. ठशातली कोरणीची ओबडधोबड काळी रेघ त्याने कापडावरही तशीच ठेवली. ते कापडावर रंगवलेलं आहे, तरी लाकूड तासल्यासारखं दिसतं.

आता त्या नावाकडे पाहा. मूळ कोरियनमध्ये ‘हान-यॉल’ला ‘ई’ जोडलाय. घरातल्या, गल्लीतल्या मुलाविषयी आपुलकीने बोलताना लावतात तो. आणि चित्र लागलं तेव्हा हान-यॉल मेलेला नव्हता. विद्यापीठाला लागून असलेल्या इस्पितळात तो बेशुद्ध पडून होता. तेव्हा ‘जिवंत करा’ ही घोषणा होती, तसाच तो नवसही होता. २९ जूनला सत्ताधारी पक्षाच्या रो ते-वू यांनी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक मान्य केली. हान-यॉलला ते कळलं नाही. ५ जुलैला तो गेला.

९ जुलैच्या अंत्ययात्रेला सोलच्या रस्त्यांवर सुमारे दहा लाख माणसं होती असं सांगतात. विद्यापीठात मून इक-ह्वान या पाद्र्यांनी भाषण केलंच नाही, आंदोलनात गेलेल्यांची एकेक नावं घेऊन फक्त हाका मारल्या. नर्तकी ली ए-जू मृताची वाट मोकळी करणारा नाच करत पुढे झाली. सोळाव्या शतकातल्या बेवारस मृतांसाठी अंगणात पट टांगणारी माणसं आणि ही माणसं, दोघांचं काम एकच होतं.

छ्वे ब्यॉंग-सू कुठल्या कलाशाळेत शिकला?

कुठल्याच नाही. तो सुतार होता, शिक्षण माध्यमिक शाळेत सुटलेलं. १९८६मध्ये मित्रांच्या भित्तिचित्राच्या कामाला मदत करायला गेला आणि त्याच्याही हातात ब्रश आला. फुलं रंगवली. पोलिसांनी सगळ्यांना धरलं. चौकशीत धंदा विचारला तर हा म्हणाला सुतार. भित्तिचित्राच्या गुन्ह्यात सुतार कसा बसणार? पोलिसाने कागदावर ‘चित्रकार’ लिहून टाकलं. तेव्हापासून छ्वे गमतीने म्हणतो की आपल्याला सरकारनेच चित्रकार केलं.

पुढे तो पर्यावरणाच्या आंदोलनांत गेला. सेमानगुमच्या खाजणात भराव टाकण्याविरुद्ध त्याने लाकडी खांब कोरून उभे केले आणि २००२च्या जोहान्सबर्ग परिषदेत बर्फाचे पेंग्विन कोरून वितळू दिले.

पोलीस यात का पडायचे? चित्रच तर आहे.

कारण राष्ट्रीय सुरक्षा कायदा. १९४८पासूनचा. त्याचं सातवं कलम ‘राष्ट्रविरोधी संघटनेची स्तुती’ गुन्हा ठरवतं, आणि स्तुती चित्रातूनही होते असं सरकारी वकिलांचं म्हणणं. ग्वांगजूचे ली सांग-हो आणि जॉन जॉंग-हो यांना १९८७मध्ये दोन्ही कोरियांच्या एकीकरणाच्या विषयावरच्या टांगचित्रासाठी याच कायद्याखाली अटक झाली.

सगळ्यात गाजलेला खटला टांगचित्राचा नाही, तेलरंगातल्या ‘भातलावणी’चा. शिन हाक-छॉल यांच्या या १९८७च्या चित्रात खाली शेतकरी परदेशी माल आणि शस्त्रं चिखलासारखी समुद्रात लोटतोय, वर हिरवंगार सुखी गाव आहे. सरकारी वकील म्हणाले, वरचा भाग म्हणजे उत्तर कोरिया. खालच्या दोन न्यायालयांनी शिन यांना निर्दोष सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये ते फिरवलं. २००४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने निकाल शिन यांच्या बाजूने दिला. चित्र मात्र वर्षानुवर्षं सरकारी वकिलांच्या गोदामात पडून राहिलं. २०१८मध्ये ते जतनासाठी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात हलवलं गेलं, मालकाला परत मिळालं नाही.

७७ मीटर लांबीचं चित्र खरंच होतं?

होतं. ‘राष्ट्रमुक्ती चळवळीचा इतिहास’, १९८९. अकरा भाग, देशभरच्या गटांतले सुमारे दोनशे चित्रकार. शेतकऱ्यांच्या १८९४च्या उठावापासून तेव्हाच्या आंदोलनांपर्यंतचा इतिहास वाटून घेऊन रंगवलेला. ते विद्यापीठांमधून फिरलं आणि शेवटी सोलच्या हानयांग विद्यापीठात पोलिसांनी त्याचा नाश केला. त्याआधी त्याच्या पारदर्शिका (स्लाइड) उत्तर कोरियातल्या प्योंगयांगच्या युवक महोत्सवासाठी धाडल्या गेल्या होत्या. त्यावरून होंग सॉंग-दामला जुलै १९८९मध्ये अटक झाली, छळ झाला आणि सुमारे तीन वर्षं तुरुंगात काढावी लागली. अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने त्याला सद्सद्विवेकाचा कैदी मानलं. दोनशे जणांच्या त्या कामाची आज छायाचित्रंच काय ती उरली आहेत.

ही कला की प्रचार?

प्रचार तर होताच, ते कुणी लपवलंही नाही. वाईट टांगचित्रंही ढिगाने निघाली. एकसारख्या मुठी, एकसारखे जबडे, उगवता सूर्य, क्षितिजाकडे बघणारा पिळदार कामगार. काही चित्रं उत्तर कोरियाच्या भिंतींवर सहज खपली असती, हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. जिथे चित्रकार मेलेल्या माणसाचं नाव-गाव विसरून ‘हुतात्मा’ रंगवायला बसला, तिथे चित्र पडलं. हान-यॉलचं चित्र टिकलं ते त्याच्यात विजय नाही म्हणून.

बायका यात कुठे होत्या?

चित्रांत भरपूर, गटांच्या नेतृत्वात कमी. किम इन-सून, युन सॉक-नाम आणि किम जिन-सुक यांनी १९८५मध्ये ‘ऑक्टोबर गट’ काढला. पुढे किम इन-सून यांच्या पुढाकाराने ‘डुंगजी’ (घरटं) हा गट झाला आणि कारखान्यातल्या बायकांच्या लढ्यांची मोठी चित्रं निघाली. त्या काळच्या कोरियाची निर्यात उभी होती ती कपडे आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत बसलेल्या पोरींच्या हातांवर, तेव्हा हे आधीच व्हायला हवं होतं.

लोकशाही आल्यावर ही चित्रं संपली का?

ओसरली. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने १९९४मध्ये ‘मिनजुंग कलेची १५ वर्षं’ हे प्रदर्शन भरवलं, तेव्हा काहींना मान मिळाल्यासारखं वाटलं, काहींना चळवळीचं तेराव्याचं जेवण. दोघांचंही खरं असावं. सभेसाठी रंगवलेलं कापड वातानुकूलित दालनात टांगलं की त्याच्यासमोर ढोल वाजत नाही.

पण गरज पडली तेव्हा ते परत आलं. १६ एप्रिल २०१४ला सेवॉल बोट बुडून ३०४ जण गेले, बहुतेक सहलीला निघालेली शाळकरी मुलं. त्या वर्षी ग्वांगजू बिएनालेसाठी (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) होंग सॉंग-दाम आणि सहकाऱ्यांनी १० मीटरहून लांब टांगचित्र केलं, ‘सेवॉल ओवॉल’. ओवॉल म्हणजे मे महिना, अर्थातच १९८०चा. चित्रात ग्वांगजूच्या उठावातले नागरिक बुडालेली बोट उचलून मुलांना बाहेर आणतायत. कोपऱ्यात राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-ह्ये बुजगावण्याच्या रूपात होत्या, मागे त्यांचे वडील पार्क चुंग-ही. शहर प्रशासनाने बदल मागितला, तेव्हा बुजगावण्याची कोंबडी झाली. तरी चित्र लागलं नाही, होंगने ते मागे घेतलं आणि बिएनालेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. सरकारने नावडत्या कलावंतांच्या काळ्या याद्या केल्या होत्या, हे २०१६मध्ये बाहेर आलं. पार्क गुन-ह्ये पदावरून गेल्यावर, २०१७मध्ये, ते चित्र ग्वांगजूतच लागलं.

सोलला गेलो तर काय पाहता येईल?

योन्सेच्या जवळच, मापो भागात, ली हान-यॉल स्मृती संग्रहालय आहे. जागा लहान आहे, एका तासात होते. तिथे त्याचे त्या दिवशीचे कपडे आहेत आणि पायातला एकच बूट. त्याचा तळ इतक्या वर्षांत चुरा होऊन गळत होता. २०१५मध्ये तो तुकडा तुकडा जोडून उभा केला. दुसऱ्या पायातला सापडला नाही.